परदेशी सेवा आणि व्यवसायोपचार

पक्षाघात, अपघात किंवा जन्मजात दिव्यांगत्व यांमुळे ज्याला जेवणे, कपडे घालणे, पूर्वीचे काम करणे अवघड जाते, त्याला या कृतींच्याच सरावातून आणि गरजेनुसार साधने बदलून पुन्हा स्वावलंबी करण्याच्या शास्त्राला व्यवसायोपचार म्हणतात. या शास्त्राचे भारतातील पहिले विद्यालय १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले, आणि ते उभारणाऱ्या कमला निंबकर या जन्माने अमेरिकन, मूळच्या एलिझाबेथ लंडी होत्या. विवाहानंतर त्या भारतात स्थायिक झाल्या, अमेरिकेत जाऊन या विषयाचे शिक्षण घेऊन परतल्या आणि त्यांनी रुग्णांवर उपचार करण्यापुरते न थांबता येथेच तज्ज्ञ घडवले. परदेशी सेवेचा हाच प्रकार अधिक टिकाऊ मानावा लागतो.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात, जेथे वसमत परिसरातील पुष्कळ कुटुंबे हळदीच्या शेतीवर जगतात, पुनर्वसन केंद्रात स्वेच्छेने सेवा देऊ इच्छिणाऱ्या परदेशी तज्ज्ञाला हेही जाणून घ्यावे लागेल, की येथील रुग्णाला खुर्चीवर बसण्याइतकेच जमिनीवर मांडी घालणे, हाताने भाकरी मोडणे आणि खुरपे धरणे महत्त्वाचे असते. चमचा धरण्याचा सराव त्याच्या फारसा उपयोगी नाही. म्हणून अशा स्वयंसेवकाने उपचाराचे उद्दिष्ट रुग्णाला व त्याच्या घरच्यांना विचारूनच ठरवावे आणि केंद्रातील स्थानिक कर्मचाऱ्यांना तो सराव पुढे चालवता येईल इतके शिकवूनच परतावे.