संदेश पुढे पाठवण्यापूर्वी



पूर्वी सभेची सूचना द्यायची तर एक माणूस घरोघरी फिरत असे. त्याला उलट विचारता येई, “हे तुला कोणी सांगितले?” आज तेच काम मोबाईल क्षणार्धात करतो, उलट विचारण्याची सोय मात्र उरलेली नाही.

या साधनाचा उपकार मी नाकारणार नाही. आपल्या पुनावळ्यात हिंजवडीच्या नोकरीनिमित्त आलेली कितीतरी कुटुंबे आहेत. शेजारच्या दारावरचे नाव ठाऊक नसते, पण सोसायटीच्या गटात तोच शेजारी रोज भेटतो. २०२३ साली येथील नियोजित कचरा डेपोविरुद्ध रहिवासी रस्त्यावर उतरले. अशा वेळी नोकरदार माणसांना एकमेकांचा निरोप दुसऱ्या कोणत्या मार्गाने इतक्या लवकर मिळाला असता? त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हा प्रकल्प रद्द करण्याची घोषणा शासनाने केली.

आता दुसरी बाजू. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तेथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या भागात मोबाईलवरून पसरलेले होते. जमावाने त्या पाचही निरपराध माणसांना ठार मारले.

त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतील होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना जागे करणारी. कोणीतरी तिचा उलगडा करणारा शेवट कापला आणि उरली ती केवळ भीती. ती पुढे पाठवणाऱ्यांत दुष्ट माणसे किती असतील? बहुतेक काळजीवाहू आई-बापच असणार. मला हेच अधिक भयंकर वाटते. आपण तर कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन भेद लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पुढे पाठवणे यांपैकी कशात बसते, हे ज्याचे त्याने पाहावे.

राईनपाड्यानंतर, त्याच जुलै महिन्यात, व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवण्यास आरंभ केला. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवण्याची मर्यादाही घातली. वेग कमी झाला. पण संदेश खरा की खोटा, हे ती खूण सांगत नाही.

आणखी एक, थोडे घरचे. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ एकाच बोटाने दोनशे जणांना जाते. ज्या भावाशी वर्षभर अबोला आहे, तोही त्या दोनशेंत असतो. त्याला तरी फोन करावा.

आपल्या न्यासाच्या गटापुरती माझी एक सूचना आहे. रक्ताची तातडीची मागणी असो, मुलांविषयीचा इशारा असो वा कोणावरचा आरोप. पाठवणाऱ्याने आपण कोणाशी प्रत्यक्ष बोलून खात्री केली, ते खाली लिहावे. रात्री शंका आली तर मला विचारावे. या वयात मी जागाच असतो.