लेणें कोणाच्या हातचें?

(दौंड येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आमच्या शिरूर तालुक्यांत रांजणगांवचा गणपति. तुम्हां दौंडकरांनीं भीमा ओलांडली कीं सिद्धटेक. म्हणून अष्टविनायकाची यात्रा दोन्ही तालुक्यांना घरच्यासारखी. गेल्या पौषांत कांद्याची लागण उरकून आम्ही दोन्हीकडचीं पंधरा-वीस माणसें टेंपो करून निघालों आणि जुन्नरापुढें लेण्याद्रीच्या पायथ्याशीं उतरलों.

वर जायला तीनशेंच्या आसपास पायऱ्या आहेत. गुडघे चालत नाहींत त्यांना डोलीवाले खांद्यावर नेतात. आमची आत्याबाई मात्र "माझा भार दुसऱ्याच्या खांद्यावर कशाला?" म्हणून काठी टेकीत चढली. गणपतीचें दर्शन झाल्यावर तिनें विचारलें, "एवढा डोंगर कोरला कुणी?" शेजारचा एक यात्रेकरू म्हणाला, "पांडवांनी. एका रात्रीत."

आमच्यांत एक पाथरवट मामा होते. जन्म जातीं-पाटे घडविण्यांत गेलेला. भिंतीवरून हात फिरवीत ते म्हणाले, "एका रात्रीत? ह्यो बघा टाकीचा घाव. ह्यो माणसाचा हात हाय. पिढी गेली आसंल हितं."

मंडळी, मामांचें म्हणणें खरें आहे. जेथें आज गणपति आहे तो मुळांत बौद्ध भिक्षूंचा विहार. मध्यें एकहि खांब नसलेलें दालन आणि तिन्ही बाजूंनीं मिळून वीस खोल्या. शेजारचें सहावें लेणें म्हणजे चैत्यगृह. आंत अखंड दगडाचा स्तूप आहे. तेथें ब्राह्मी अक्षरांत लेख आहे, कीं हें चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त यानें दान दिलें. हेरणिक म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार करणारा. राजाचें नांव नाहीं, पांडवांचें तर नाहींच.

जुन्नरभोंवतींच्या इतर लेण्यांत याहून मोठी गोष्ट आहे. धान्यवाल्यांच्या श्रेणीनें, म्हणजे त्यांच्या संघानें, सात खोल्यांचें लेणें आणि पाण्याचें टाकें दिलें. बांबूकाम करणारांच्या आणि कांसारांच्या श्रेणींचीं नांवें लेखांत आहेत. आडुथुम नांवाच्या एका शकानें, म्हणजे बाहेरून आलेल्या माणसानें, वडालिका गांवची वीस निवर्तनें जमीन करंजाच्या झाडांसाठीं आणि कटपुतक गांवची नऊ निवर्तनें वडांसाठीं लावून दिली व ती एका श्रेणीच्या हवालीं केली. म्हणजे सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं लोक कारागिरांच्या संघावर विश्वास ठेवून जमिनीचें उत्पन्न सोंपवीत होते! कार्ल्याच्या लेण्यांतहि धेनुकाकटचा सुतार सामि, वेणुवासाचा मुलगा, यानें दर्शनी दाराचें काम केल्याचा लेख आहे. आणि ही भाषा संस्कृत नव्हे, प्राकृत, लोकांच्या तोंडची.

मग हें आपल्याला ठाऊक कां नाहीं? अक्षर हरवलें म्हणून. ब्राह्मी वाचतां येईनाशी झाली. जेम्स प्रिन्सेपनें 1837 च्या सुमारास ती पुन्हां उलगडली, तोंवर लेख डोळ्यांपुढें असून मुके होते. आपल्यांतला अडाणी बाप सातबारा वाचूं शकला नाहीं कीं त्यावर दुसऱ्याचें नांव चढतें, हें तुम्हांला सांगायला नको. तसेंच येथें झालें. राबणाराचें काम पांडवांच्या नांवावर चढलें, आणि तें चढविण्यांत आपणहि सामील झालों.

एक गोष्ट मात्र लपवूं नये. लेखांत बहुतेक नांवें देणारांचीं आहेत. छताकडून सुरुवात करून खालीं खालीं डोंगर पोखरीत जो आला, त्या पाथरवटाचें नांव सहसा सांपडत नाहीं. त्याची सही म्हणजे टाकीचा घाव. आणि ती वाचायला आमचे मामाच लागले.

म्हणून मागणें एवढेंच. दर्शनाला अवश्य जा. पण दोन पावलें पुढें जाऊन सहावें लेणें पोरांना दाखवा, पोरींना आधीं दाखवा, आणि लेख कोठें आहे तें विचारा. भिंतीवर आपलें नांव खरडूं नका. तेथें आपल्याच लोकांचीं नांवें आहेत. आणि कोणी पांडव म्हणाला तर भांडूं नका, त्याचा हात धरून टाकीच्या घावावर ठेवा.

उतरतांना आत्याबाई मामांना म्हणाली, "पाहुणं, म्हंजी तुमच्याच घरचं काम म्हणायचं की!" मामा कांहीं बोलले नाहींत. पायथ्याशीं आल्यावर मात्र त्यांनीं वर पाहून डोंगराला हात जोडले.