मोरीतलं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंगचा डबा

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या आधी घरोघरी साफसफाई निघते, तेव्हा "घरातली केमिकल्स" या विषयावर वीस मिनिटं बोला, असा कार्यकारिणीचा निरोप आला. आम्ही डिप्लोमा करून राज्य सरकारच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नोकरीला लागलो, त्याला आता वीस वर्षं झाली. विहिरीचं, बोअरचं, नळाचं पाणी तपासायचं आणि अहवाल द्यायचा, एवढंच आमचं काम. भाषणाची सवय नाही. म्हणून दहा केमिकल्सची नावं घेण्यापेक्षा एकाच बाटलीबद्दल बोलतो. आपल्या इंदूरमध्ये ती पुष्कळ घरांत संडास-बाथरूमच्या कोपऱ्यात उभी असते. सायकलला कॅन लटकवून "तेजाब, फिनाईल" असं ओरडत जो माणूस गल्लीतून जातो, त्याच्याकडचं अ‍ॅसिड. त्याचं नाव हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड.

हेच अ‍ॅसिड आमच्या प्रयोगशाळेत अडीच लिटरच्या जाड काचेच्या बाटलीत येतं. ते पाण्यासारखं रंगहीन असतं आणि त्याची तीव्रता ३५ ते ३७ टक्के असते. फेरीवाल्याचं अ‍ॅसिड पिवळसर दिसतं, ते बहुधा त्यात लोखंडाचा अंश असतो म्हणून. पिवळं म्हणजे जास्त कडक, असा समज आहे, तो खरा नाही. पण त्याची तीव्रता किती, हे तो फेरीवालाही सांगू शकत नाही. दुकानातल्या टॉयलेट क्लीनरमध्ये हेच अ‍ॅसिड साधारण दहा टक्के असतं आणि तसं लेबलवर छापलेलं असतं.

प्रयोगशाळेत ही बाटली उघडायची तर आम्ही अ‍ॅप्रन घालतो, चष्मा लावतो, हातमोजे चढवतो आणि धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात ती उघडतो. मे महिन्यात तर झाकण सैल करताच आतली वाफ फस्सकन बाहेर येते, म्हणून तोंड बाजूला ठेवतो. आमच्या विद्यार्थीदशेत पिपेट तोंडाने ओढायची पद्धत होती. एकदा सौम्य अ‍ॅसिड आमच्या जिभेवर आलं आणि चार दिवस वरण-भातसुद्धा झोंबत होता. आता रबरी फुगा लावल्याशिवाय कुणी पिपेटला हात लावत नाही.

आणि घरी? घरी तेच अ‍ॅसिड शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरलेलं असतं, लेबल नसतं, आणि दार लावून, अनवाणी, ओल्या फरशीवर वाकून आपण ते ओततो. लहान मूल बाटलीचा आकार ओळखतं, आतलं काय ते ओळखत नाही. या एका कारणासाठी पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत अ‍ॅसिड भरून घेणं आजपासून बंद करा, अशी हात जोडून विनंती आहे.

जाता जाता एक सांगतो. आपल्याकडे कोटा स्टोनची फरशी फार. तो चुनखडीचा दगड आहे. अ‍ॅसिड टाकल्यावर फेस येतो तेव्हा मळ निघतोय असं वाटतं, पण निघत असतो दगड. संगमरवराचंही तेच. बंद बाथरूममध्ये नळ आणि कड्या वर्षभरात गंजतात, त्याचं कारणही बहुतेक वेळा या बाटलीची वाफच असते.

आता मुख्य गोष्ट. ती सांगताना आम्हाला संकोच वाटतो, कारण चूक आमची होती.

तीन वर्षांपूर्वी गौरी यायच्या आदल्या रात्री मोरीला वास येत होता, म्हणून आम्हीच जाळीपाशी चार मुठी ब्लीचिंग पावडर टाकली आणि झोपलो. घरात कुणाला सांगितलं नाही. पहाटे आईने नेहमीप्रमाणे मोरी धुवायला अ‍ॅसिड ओतलं. दार लावलेलं होतं. आमच्या सौ.ना खोकल्याचा आवाज आला. त्यांनी दार ढकललं आणि आईला ओढत अंगणात आणलं. डोळे लाल, घसा धरलेला. पण दहा मिनिटांत आई म्हणाली, "अरे, मला काही झालेलं नाही. गौरी यायच्या आहेत, सोवळ्यातलं व्हायचंय सगळं." आणि आम्ही ऐकलं! दोन-अडीच तासांनी तिला श्वास पुरेनासा झाला. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, दोन रात्री ठेवून घेतलं. त्या वर्षी आमच्या गौरी शेजारच्या काकूंनी बसवल्या. आईचा खोकला दिवाळीपर्यंत टिकला. रोज पाण्यातलं क्लोरीन मोजणारा माणूस घरात असताना हे झालं.

तर काय झालं ते समजून घेऊ. ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन बांधलेलं असतं. अ‍ॅसिड पडलं की ते एकदम सुटतं आणि वायू होऊन बाहेर येतं. पाणी शुद्ध करायला हाच वायू अगदी थोड्या प्रमाणात वापरतात. आणि १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला, तोही हाच. हवेपेक्षा तो सुमारे अडीच पट जड आहे, त्यामुळे तो खाली साठतो. वाकून फरशी घासणाऱ्या बाईचं नाक नेमकं तिथेच असतं. छातीत गेल्यावर ओलाव्याशी संयोग होऊन तो आतली त्वचा जाळतो, आणि फुप्फुसाला सूज काही तासांनी चढू शकते. म्हणून "आता बरं वाटतंय" यावर विसंबू नये. माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा, टेकून बसवा, अंगावर उडालेले कपडे काढा आणि डॉक्टरांकडे न्या. दमेकरी असेल तर क्षणाचाही उशीर नको. आणि पाणी ओतायला म्हणून कुणी पुन्हा आत जाऊ नये.

अ‍ॅसिड अंगावर उडालं तर कपडा काढून वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटं धरा. घड्याळ लावून, कारण वीस मिनिटं फार मोठी वाटतात. हळद, तूप, टूथपेस्ट काही नको. खाण्याचा सोडाही कातडीवर नको. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ पाणी, मग दवाखाना. पोटात गेलं तर उलटी करवू नका. वर येताना ते अन्ननलिका पुन्हा जाळतं. चूळ भरायला लावा आणि बाटली सोबत घेऊन निघा.

कायद्याचंही सांगायला हवं. अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या लक्ष्मी अग्रवाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये आदेश दिला. विक्रेत्याने घेणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदवायचा, ओळखपत्र पाहायचं, अठरा वर्षांखालच्याला विकायचं नाही. सायकलवरच्या कॅनला हे कितपत लागू होतं, ते आपण सगळे पाहतोच.

आता येताना दारातच एका काकूंनी विचारलं, "मग तो पांढरा थर काढायचा कशाने?" तो थर आपल्या बोअरच्या जड पाण्यातला चुना आहे. लिंबूसत्त्व दोन चमचे गरम पाण्यात विरघळवा, अर्धा तास थरावर राहू द्या, मग घासा. कोटा स्टोनवर मात्र तेही नको. आणि लिंबूसत्त्वसुद्धा अ‍ॅसिडच आहे, ब्लीचिंगशी गाठ पडली तर तोच वायू निघतो. दोन्हींचे दिवस वेगळे ठेवा आणि मधे भरपूर पाणी जाऊ द्या. आमच्याकडे ब्लीचिंगचा डबा आता गच्चीच्या जिन्याखाली असतो आणि तो काढणारा माणूस आधी स्वयंपाकघरात येऊन सांगतो.

घरी बिनलेबलाची अर्धी बाटली पडून असेल तर ती तशीच मोरीत ओतू नका. अंगणात प्लास्टिकची बादली पाऊण भरून पाणी घ्या आणि अ‍ॅसिड त्या पाण्यात बारीक धारेने सोडा. अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीही नाही. मग धुण्याचा सोडा चिमूट-चिमूट टाकत जा. फेस यायचा थांबला की ते पाणी नालीत सोडता येईल. हे करताना चष्मा लावा, साधा वाचायचाही चालेल, काहीच नसण्यापेक्षा बरा. कुणाला जमणार नसेल तर रविवारी आम्ही घरी येऊन करून देऊ, चहाच्या वेळी नाव लिहून द्यावं.