दुखणें सांध्यांचें, मूळ छातींत

दर्यापुराकडे कपाशीच्या वावरांत राबणाऱ्याचा घोटा सुजला, कीं ‘वात धरला’ म्हणून तेल चोळतात. बहुधा तो वातच असतो. परंतु विडी ओढणाऱ्या प्रौढाचीं मनगटें व घोटे अल्पावधींत सुजले, बोटांचीं टोकें फुगून नखें पोपटाच्या चोचीसारखीं वळलीं, तर छातीचें क्ष-किरण चित्र अवश्य काढवावें. फुप्फुसांतील कर्करोगानें कधीं कधीं सांध्यांजवळच्या हाडांचें आवरण सुजतें. १८९० सालीं फ्रान्सच्या पिएर मारी यांनीं या विकारास फुप्फुसांशीं जोडणारें नांव दिलें. खोकल्यापूर्वीं कित्येक महिने सांधे दुखूं शकतात. कर्करोगाकरितां मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहे. गांठ वेळींच काढतां आली, तर सांध्यांची वेदनाही बहुधा ओसरते. नुसत्या तेलानें मोलाचे महिने मात्र सरतात.