कोंबडीवाल्याची वही

रात्रीच्या एस.टी.ने पारनेर तालुक्यातून जाताना एक देखावा ठिकठिकाणी दिसतो. गावे निजलेली असतात, आणि माळावर मात्र दिव्यांची एखादी लांबलचक ओळ जागी असते. ती कोंबड्यांची शेड. आत चार-पाच हजार पक्षी असतात, आणि त्यांच्यापायी जागे राहिलेले एखादे कुटुंब असते.

आमचा तालुका सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत पडतो. पाऊस बेताचा आणि लहरी. बाजरी, ज्वारी, मूग, कांदा ह्यांच्या भरवशावर वर्ष निघेलच असे नाही. म्हणून कित्येक घरांतला एकजण मुंबईला असतो, आणि मागे राहिलेल्यांपैकी कुणी दुधाचा, कुणी कोंबड्यांचा जोडधंदा धरतो. ह्या कोंबडीवाल्यांच्या रोजच्या जिण्याविषयी आज मी चार शब्द सांगणार आहे. मी स्वतः कोंबड्या पाळीत नाही. कॉलेजात इतिहास शिकवतो. पण माझे एक शेजारी हा धंदा करतात, आणि त्यांच्या शेडवर एका सकाळी जे घडले ते मला अजून विसरता आलेले नाही.

आपल्या आजीच्या वेळची कोंबडी डालग्याखाली वाढे. दिवसभर उकिरडा उकरी, आणि तिच्या अंड्यांवर घरात मीठ-मिरची येई. मुंगसाने एखादी नेली तर दिवसभर हळहळ व्हायची, संध्याकाळी विसर पडायचा. तिचा हिशेब कुणी लिहीत नसे.

आताचा धंदा निराळा. पुष्कळांचे काम कराराने चालते. कंपनी एक दिवसाचे पिल्लू, खाद्य आणि औषध देते. शेड, पाणी, वीज आणि मेहनत शेतकऱ्याची. तयार पक्षी कंपनी नेते आणि वजनावर मेहनताना देते. पिल्लाला पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे ती हळूहळू कमी करीत न्यायची. पहिल्या आठवड्यात राणीखेतची, म्हणजे आपण जिला मानमोडी म्हणतो तिची लस; पुढे गंबोरोची. खाली भाताच्या तुसाची गादी. ती ओली राहिली की वाफ डोळ्यांत चुरचुरते, म्हणून वरचेवर हलवायची. थंडीत पडदे लावायचे, उन्हाळ्यात गुंडाळायचे, आणि एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्यावर पाणी सोडायचे. सुमारे 40 दिवसांत पक्षी दोन किलोंच्या आसपास भरतो. त्या 40 दिवसांत घरातली सगळी माणसे एकदम कुणाच्या लग्नाला जाऊ शकत नाहीत.

ह्या घराचे सकाळचे पहिले काम म्हणजे रात्रीतून मेलेले पक्षी वेचणे. त्याला धंद्यात मरतूक म्हणतात. एवढ्या मोठ्या कळपात रोज दोन-चार जायचेच. पण त्यांची नोंद ठेवावी लागते, कारण आकडा एकाएकी वाढला तर रोगाचा पहिला निरोप तोच असतो. म्हणून शेडच्या दाराशी सुतळीने बांधलेली एक वही टांगलेली असायची. तारीख, मरतूक, खाद्याच्या गोण्या, वजन. आता त्या वहीचे काम मोबाईल करतो. रोजचा आकडा त्यात भरायचा, आणि तो कंपनीच्या कॉम्प्युटरात जाऊन बसतो.

एके दिवशी शेजारी सकाळीच माझ्या दारात उभे. म्हणाले, "सर, तुमच्या कॉलेजात कॉम्प्युटर आहेत. जरा येऊन बघता का?" झाले होते असे, की आदल्या रात्री मरतूक 3 लिहायची ती बोट घसरून 33 गेली होती. दुरुस्ती होईना. माळावर रेंज नाही. रेंज आली की पडद्यावर एक चक्र गरगर फिरत राही. आणि तिकडून सुपरवायझरचा सारखा फोन, तीस पक्ष्यांचा हिशेब द्या म्हणून.

इतिहासाच्या प्राध्यापकाला कॉम्प्युटर येतोच असे नाही. पण खेड्यात कॉलेज ह्या शब्दावर लोकांचा फार विश्वास! मी गेलो. पाण्याच्या टाकीवर चढून हात उंच धरला तेव्हा कुठे रेंज मिळाली. आकडा मात्र काही बदलला नाही. शेवटी उपयोगी पडली ती जुनी वहीच. शेजाऱ्यांच्या पत्नीने मोबाईल आल्यावरही ती लिहायचे सोडले नव्हते. त्या पानाचा फोटो पाठवला आणि प्रकरण मिटले. कोंबडीवाल्या बंधुभगिनींना माझे पहिले सांगणे हेच. मोबाईल जरूर वापरा, पण वही मोडू नका.

मी टाकीवरून उतरलो तेव्हा शेजारी गड्याला नवा खड्डा दाखवीत होते. मेलेले पक्षी उघड्यावर टाकून चालत नाही. कुत्री ओढतात, रोग पसरतो. खोल खड्ड्यात टाकून वर चुना आणि माती लोटावी लागते. जुना खड्डा भरत आला होता. नवा ओढ्याकाठी, वेड्या बाभळींच्या अलीकडे घ्यावा असा त्यांचा बेत. ओट्यावर बसलेली त्यांची आई एकदम म्हणाली, "आरं, तिथं नगं खांदू. तिथं तुझी थोरली बहीण हाय."

शेजारी पन्नाशीचे गृहस्थ. आपल्याला थोरली बहीण होती हे त्यांना ठाऊकच नव्हते.

मग म्हातारी थोडे थोडे बोलली. 1972 चा दुष्काळ. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. मूल बाभळीला बांधलेल्या झोळीत. कामावर मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढायचे. मुलीला ताप आला आणि दोन दिवसांत गेली. तान्ह्या मुलांना आपल्याकडे जाळीत नाहीत, पुरतात. आणि ह्या वाडीची मुले ओढ्याकाठी पुरायची वहिवाट होती. वर दगड ठेवला होता. पुढे एका पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले, दगड गेला. मग बाभळी माजल्या. जागा सांगू शकणारी माणसे एकेक करून गेली. आता ती एकटी उरली.

बोलता बोलता तिने माझ्या हातातल्या फोनकडे बोट केले. "मास्तर, यात मेलेल्या कोंबड्यांचं समदं लिवत्यात. तिचं नाव घालता येतं का?"

मला उत्तर सुचले नाही. त्या रकान्यात फक्त आकडा भरता येतो.

श्रोतेहो, कोंबड्यांचा हिशेब ठेवू नये असे मी म्हणत नाही. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला. देशात पाळीव कोंबड्यांत तो प्रथमच आढळला होता, आणि लाखो पक्षी मारून पुरावे लागले. अशा साथीत वेळेवर केलेली नोंदच इतरांना वाचवते. 2020 च्या सुरुवातीला कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी खोटी आवई उठली, भाव कोसळले, खाद्याचा खर्चही निघेना. ज्यांची वही नीट होती त्यांना आपण किती बुडालो एवढे तरी कळले. नोंद हवीच. पण जिथे पैशाचा संबंध आहे तिथलीच नोंद आपण काटेकोर ठेवतो, हे त्या सकाळी माझ्या ध्यानात आले.

माणसांची नोंदही आपल्याकडे नव्हती असे नाही. गावच्या कोतवाल-बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये, जन्ममृत्यू लिहिले जात. 1969 साली जन्ममृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा झाला, आणि आज मृत्यूची खबर 21 दिवसांत ग्रामपंचायतीत द्यायची असते. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा ही जुनी बुके गठ्ठ्यांतून बाहेर निघाली आणि मोडी वाचणारी माणसे धुंडाळावी लागली. एका ओळीचे मोल केवढे असते ते तेव्हा घरोघर कळले. आम्ही दोघांनी त्या मुलीची नोंद शोधली. मिळाली नाही. दुष्काळाच्या साली, खडी फोडायचा खाडा करून, तान्ह्या मुलीचे नाव लिहवायला कोण जाणार?

आपापल्या गावाकडे पाहा. वेशीजवळ किंवा मारुतीच्या पाराशी वीरगळ पडलेला असतो. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये त्या वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. चंद्रसूर्य असेपर्यंत ह्याची आठवण राहो, असा त्याचा अर्थ. आज त्याच्यावर आपण विळे पाजळतो. लिंगायतांची, गोसाव्यांची दफनभूमी, मुसलमानांचे कबरस्तान, ख्रिस्ती बांधवांची जागा, लेकरांची ओढ्याकाठची जागा, पुष्कळ ठिकाणी बाभळीने गिळलेली आहे. एखाद्याने बांध कोरला तरी कुणाला कळत नाही, कारण तिथे काय आहे हे सांगणारेच उरलेले नाहीत.

ह्याला फार पैसा लागत नाही. पारनेर ही सेनापती बापटांची जन्मभूमी. परदेशी शिकून आलेल्या ह्या माणसाने हाती झाडू घेऊन गावचे रस्ते झाडले. राळेगणसिद्धी आमच्याच तालुक्यात आहे. श्रमदान आम्हाला कुणी शिकवायला नको. शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. वरच्या वर्गातल्या मुलांना एक काम द्या. प्रत्येकाने घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे, आपली माणसे कुठे ठेवली आहेत? मिळेल ती माहिती गावाच्या नकाशावर मांडा. दोन प्रती करा. एक शाळेत ठेवा, एक ग्रामपंचायतीत द्या. आणि पितृपंधरवड्यापूर्वी, शब-ए-बारातीपूर्वी, ज्याच्या त्याच्या सणाआधी, सगळ्यांनी मिळून एक दिवस बाभळी तोडा. हे लवकर करायला हवे, कारण सांगणारी माणसे थकत चालली आहेत.

माझ्या शेजाऱ्यांनी मरतुकीचा खड्डा वरच्या अंगाला, विहीर आणि ओढा ह्यांपासून दूर घेतला. तसा तो तिथेच हवा होता; ओढ्याकाठचा खड्डा पाणी नासवतो. ओढ्याकाठच्या बाभळी तोडल्या, आणि आईने दाखवलेल्या जागी एक दगड बसवला. शेडच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी बहिणीचे नाव लिहिले. वही दर 40 दिवसांनी संपते. नव्या वहीत ते नाव त्यांची पत्नी पुन्हा लिहिते, मग पिल्ले उतरवून घेतात.