गर्भवती आणि हिवताप



वसंतातील व्याख्यानासाठी हिवतापासारखा पावसाळी विषय का निवडला, असे कोणी विचारील. पागोळ्या गळू लागल्यावर छपराची डागडुजी करता येत नाही. ती वैशाखातच उरकावी लागते. हिवतापाचेही तसेच आहे.

स्वातंत्र्याच्या वेळी या देशात दरसाल सुमारे साडेसात कोटी माणसे हिवतापाने अंथरूण धरीत आणि आठ लाख दगावत. १९५३ साली नियंत्रणाची आणि १९५८ साली निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या एक लाखाच्या आसपास आली. शत्रू मेला असे समजून आपण शस्त्रे खाली ठेवली, आणि १९७६ साली तोच आकडा चौसष्ट लाखांवर गेला. आज पुन्हा हा रोग पुष्कळच ओसरला आहे. आपल्या शिरूर-दौंड भागात तो तुरळक आढळतो. महाराष्ट्रातील हिवतापाचा मोठा वाटा गडचिरोलीकडे आहे. मग गर्भवतीच्या हिवतापाची चिंता आपण का करावी? माझ्या मते, रोग तुरळक आहे म्हणूनच करावी.

त्याचे कारण असे. फाल्सिपेरम जातीचे हिवतापाचे जंतू रक्तातील तांबड्या पेशींत शिरतात, आणि अशा पेशी गर्भाला अन्न व प्राणवायू पुरविणाऱ्या वारेत चिकटून बसतात. परिणामी आईचे रक्त कमी होते, मूल कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मते, कधी गर्भपातही होतो. ज्या मुलखात हिवताप नित्याचा आहे, तेथील स्त्रीच्या अंगी थोडीफार प्रतिकारशक्ती असते. तिला ताप न येताही जंतू वारेत दडून राहतात, आणि पहिलटकरणीला याचा धोका सर्वांत अधिक. उलट आपल्याकडील स्त्रीला ही शक्ती नसल्याने तिचा आजार झपाट्याने विकोपास जातो, मग खेप पहिली असो वा तिसरी.

या दोन्ही प्रकारच्या स्त्रिया आज आपल्या गावांत एकत्र राहतात. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील कारखान्यांत झारखंड, ओडिशा, छत्तीसगड या प्रांतांतून कामकरी येतात, काही कुटुंबासह येतात. कालव्यांच्या पाण्यावर ऊस पिकतो आणि तोडीच्या हंगामात मराठवाड्यातून कोयते येतात. पाझराचे डबके, उघडी टाकी, पडकी विहीर ही डासाला पुरेशी आहेत. जंतू बाहेरून आला तरी त्याला गावोगाव नेणारा अ‍ॅनाफिलीस येथलाच असतो.

आफ्रिकेतील बऱ्याच देशांत गर्भवतीला चौथ्या महिन्यापासून ठराविक अंतराने प्रतिबंधक औषध देतात. आपल्या देशात तशी पद्धत नाही, आणि जेथे रोग थोडा तेथे सरसकट सर्वांना गोळ्या चारणे शहाणपणाचेही नव्हे. येथे तपासणी हाच मार्ग. गरोदर बाईला ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासावे. बोटाच्या टोकाचा एक थेंब पुरतो. पट्टीवरची चाचणी पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते. जंतू दिसले नाहीत पण ताप हटला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे. जी बाई हिवतापाच्या मुलखातून आली आहे, तिचे रक्त नावनोंदणीच्या वेळीच, ताप नसतानाही पाहावे, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. बाई फिकट दिसली की लोहाची गोळी देऊन आपण मोकळे होतो. ती गोळी हवीच. परंतु रक्त कशाने आटते आहे, हेही पाहिले पाहिजे.

आता उपचार. क्विनाइनने गर्भ पडतो, अशी एक जुनी भीती आहे. औषधाच्या योग्य मात्रेपेक्षा न आवरलेला ताप गर्भाला कितीतरी घातक. व्हायवॅक्स जातीच्या तापात तीन दिवस क्लोरोक्विन देतात. ते गर्भवतीला चालते. त्याच तापाचे मूळ काढणारे प्रायमाक्विन मात्र गरोदरपणी देऊ नये. त्यामुळे ताप उलटू शकतो. बाळंतपणापर्यंत लक्ष ठेवावे आणि पुढचा उपचार डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा. फाल्सिपेरमसाठी चौथ्या महिन्यापासून आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त औषध आहे. पहिल्या तीन महिन्यांसाठी आपल्या २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात सात दिवस क्विनाइन सांगितले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून त्या महिन्यांतही आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन सुचविले आहे. क्विनाइन घेणाऱ्या गर्भवतीच्या रक्तातील साखर एकाएकी उतरते, म्हणून ते देखरेखीखालीच घ्यावे. दुकानातून दोन गोळ्या आणून ताप दाबणे हा उपचार नव्हे. तापाबरोबर ग्लानी, झटके, धाप किंवा लघवी कमी होणे दिसले, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

औषध आहे, चाचणी आहे, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट आहे. मग अडते कोठे? ऊसतोडीला आलेली बाई दवाखान्यात गेली की तिचा खाडा पडतो, त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही लागतो. वीटभट्टीवरच्या बाईचे नाव कोणत्याच नोंदवहीत नसते. आशाताई वस्तीवर येते तेव्हा ती कामावर असते. या सभेत बागाईतदार आहेत, कंत्राटदार आहेत, भाड्याने खोल्या देणारे आहेत. त्यांना माझे तीन गोष्टींचे मागणे आहे. आपल्याकडे राहावयास आलेल्या गरोदर बाईची वर्दी आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला पोचवावी. तापाच्या दिवसाचा खाडा लावू नये. आणि मृगापूर्वी आपापली टाकी झाकून, डबकी बुजवून, विहिरीत गप्पी मासे सोडावेत.

परक्या मुलखातून आलेली म्हणून तिच्याकडे बोट दाखविणारेही भेटतील. परंतु डास चावताना प्रांत विचारीत नाही. तिचे रक्त वेळेवर तपासले, तर तिचे मूल वाचते आणि आपल्या घरची लेकही सुरक्षित राहते. मृग नक्षत्राला आता थोडेच दिवस उरले आहेत.