उलटीची गोळी आणि वाकडी मान

तेलंगणातल्या वांकिडी, केरामेरी, आसिफाबाद आणि सीमेपलीकडच्या राजुरा भागातल्या श्रोत्यांनो, आज तुमच्याशी उलटीच्या गोळीबद्दल बोलणार आहे. ही गोळी आपल्याकडे घरोघरी सापडते. लेकराला ओकारी झाली, म्हाताऱ्याचं पोट फुगलं, लग्नातलं जेवण अंगावर आलं की डबा उघडायचा आणि गोळी द्यायची. गावातले आरएमपी डॉक्टरही ओकारी म्हटली की हीच गोळी किंवा हेच इंजेक्शन देतात. औषध चांगलं आहे. पण ते कसं चालतं आणि कुठं उलटतं, हे घरातल्या एकाला तरी माहीत असायला हवं.

आपल्याकडे या कामाची दोन औषधं मुख्य आहेत. पहिलं मेटोक्लोप्रामाइड, दुकानात बरेचदा पेरिनॉर्म या नावानं मिळतं. फ्रान्समधल्या संशोधकांनी ते १९६४ साली पुढं आणलं. दुसरं डोमपेरिडोन, डोमस्टाल आणि अशा इतर नावांचं. ते १९७४ साली बेल्जियममध्ये तयार झालं. शरीरात डोपामिन नावाचं एक रसायन असतं. ते मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला चाळवतं आणि जठराची हालचाल मंद करतं. ही औषधं त्यालाच अडवतात. म्हणून मळमळ थांबते आणि जठरात साचलेलं अन्न पुढं आतड्यात सरकतं. जुन्या मधुमेहात काहींचं जठर सुस्त होतं, सकाळचं जेवण रात्री ओकून पडतं. त्यांना या औषधाचा खरा उपयोग होतो. जेवणाआधी पंधरा ते तीस मिनिटं घेतलं तर ते नीट लागू पडतं. बसमध्ये लागणाऱ्या उलटीवर मात्र याचा फारसा उपयोग नाही, त्याची औषधं वेगळी.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. डोपामिनचं काम फक्त उलटीपुरतं नसतं. हातपाय, मान, जीभ, डोळे नीट हलावेत यासाठीही मेंदूला ते लागतं. मेटोक्लोप्रामाइड मेंदूत सहज शिरतं. त्यामुळं काही जणांना, विशेषतः लहान मुलांना आणि तरुण मुलींना, औषध घेतल्यावर एक-दोन दिवसांत विचित्र त्रास सुरू होतो. मान एका बाजूला ओढली जाते आणि सरळ होत नाही. डोळे वर चढतात. जबडा आवळतो, जीभ बाहेर येते, बोलता येत नाही. पाठ धनुष्यासारखी ताणते. मुलगी पूर्ण शुद्धीवर असते, तिला सगळं ऐकू येतं, पण सांगता येत नाही, आणि ती भीतीनं रडते. घरच्यांना वाटतं फिट आली, धनुर्वात झाला, नाहीतर बाहेरची बाधा झाली. मग भगताकडं नेतात, अंगारा लावतात, काही ठिकाणी मारतातही. त्या लेकराचा यात काहीच दोष नसतो. हा औषधाचा परिणाम असतो, आणि त्यावर उतारा आहे. दवाखान्यात प्रोमेथाझिनसारखं एखादं इंजेक्शन दिलं की बहुतेक वेळा थोड्याच वेळात मान सरळ होते, जबडा सुटतो. मात्र ती उलटीची गोळी तिथल्या तिथं बंद करायची आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला सांगायचं की या मुलीला हे औषध सोसत नाही. वाकडी मान दिसली की पहिला प्रश्न हा विचारा: कालपरवा हिला उलटीचं काही दिलं होतं का?

यासाठीच युरोपातल्या औषध नियामकांनी २०१३ साली ठरवलं की मेटोक्लोप्रामाइड एक वर्षाखालच्या बाळाला द्यायचं नाही, मोठ्यांना दिवसाला तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, आणि पाच दिवसांच्या वर नाही. अमेरिकेनं तर २००९ मध्येच इशारा दिला होता की हे औषध बारा आठवड्यांपेक्षा जास्त घेतलं तर तोंड चावल्यासारखं हलत राहणं, जीभ वळवळणं असा विकार जडू शकतो, आणि तो गोळी थांबवल्यावरही कधीकधी जात नाही. ज्यांना फिट येतात किंवा कंपवात आहे, त्यांनी हे औषध घेऊच नये. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. तो डॉक्टरच ठरवतील.

डोमपेरिडोन मेंदूत कमी शिरतं, म्हणून मान वाकडी होण्याचं प्रमाण कमी. पण त्याचा धोका हृदयाला आहे. मोठा डोस घेतला, वय साठच्या वर असलं, किंवा सोबत एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल अशी औषधं चालू असली, तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मोठ्यांसाठी मर्यादा आहे दहा मिलिग्रॅम दिवसाला तीन वेळा, साधारण आठवडाभर. आणि इथं आपल्याकडं नकळत मोठी गडबड होते. ॲसिडिटीच्या ज्या कॅप्सूलच्या नावाशेवटी 'डी' किंवा 'डीएसआर' असतं, त्यातल्या बहुतेकींत डोमपेरिडोन असतंच, अनेकींत एकाच कॅप्सूलमध्ये तीस मिलिग्रॅम. म्हणजे दिवसाची मर्यादा सकाळीच संपली. वर ओकारी झाली म्हणून त्याच दिवशी उलटीच्या तीन गोळ्या घेतल्या की मात्रा दुप्पट. अशी कॅप्सूल वर्षानुवर्षं रोज घेणारे कितीतरी लोक आहेत, आणि मला त्यांची खरी काळजी वाटते. काही कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड असतं. तेही याच जातीचं. म्हाताऱ्या माणसाचे हात थरथरू लागले, चाल घसटती झाली, चेहरा थिजल्यासारखा दिसू लागला, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. रोजची कॅप्सूल डॉक्टरला दाखवा.

लहान बाळांच्या थेंबांबद्दल आयांनी जरा कान देऊन ऐकावं. डोमपेरिडोनचं पातळ औषध दोन प्रकारांत मिळतं. साध्या बाटलीत एका मिलिलीटरमध्ये एक मिलिग्रॅम, आणि थेंबांच्या छोट्या बाटलीत एका मिलिलीटरमध्ये दहा मिलिग्रॅम. शेजारणीनं सांगितलं "पाच मिलि दे", आणि घरात थेंबांची बाटली असली, तर बाळाला दहापट औषध जातं. बाटलीवर लिहिलेलं वाचा, वाचता येत नसेल तर आशाताईंना दाखवा, आणि घरातल्या चमच्यानं मोजू नका.

मुळात ओकारी हा रोग नाही, खूण आहे. थंडीतापासोबत ओकारी असेल तर मलेरियासाठी रक्त तपासून घ्या. पोट फुगलं, वारा सरत नाही, शौच बंद आहे, हिरवी किंवा रक्ताची ओकारी होते, तर आतडं अडलेलं किंवा फाटलेलं असू शकतं. तिथं जठराला जोरानं हलवणारी गोळी जिवावर बेतू शकते. कापसावर फवारणी करून आलेल्या माणसाला ओकारी आणि घाम सुटला, तोंडाला लाळ आली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर ती विषबाधा आहे. उलटीची गोळी देत बसू नका. कपडे काढा, अंग धुवा, १०८ ला फोन करा आणि फवारणीच्या औषधाचा डबा सोबत न्या.

हगवणीसोबतच्या साध्या ओकारीत पहिलं औषध ओआरएस. मोठं पाकीट उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात पूर्ण टाका. लेकराला दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा पाजा. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. अंगावरचं दूध बंद करू नका.

शेवटी एक विनंती. दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि बाटल्या पिशवीत घालून न्या, कापलेली रिकामी पट्टीसुद्धा. आपण मराठीत सांगतो, समोरचे डॉक्टर तेलुगू बोलतात, आणि "ती छोटी पांढरी गोळी" एवढ्यानं काही कळत नाही. पट्टीवरचं नाव मात्र दोघांनाही एकच कळतं.